कोपरापर्यंत हात

पहिला वेचा घरी आला, वेचणीच्या पूजेचा, म्हणजे सीतादहीचा, दहीभात पऱ्हाटीखाली (कपाशीच्या झाडाखाली) ठेवून झाला, आणि आता कुठं टेबलाशी बसायला सवड मिळाली. पत्रं बरीच साचली आहेत. त्यातली पाच घेतो.

नव्या वाचकांसाठी एवढंच सांगतो की मी कोणी मानसशास्त्राचा पंडित नाही. शेतकऱ्याचा सगळा कापूस सरकारनंच घ्यायचा, ती कापूस एकाधिकार खरेदी योजना १९७२ साली सुरू झाली आणि १९७९च्या हंगामात मी एका खरेदी केंद्रावर कामाला लागलो. पुढं ग्रेडर झालो. कापसाच्या बंडीवर, म्हणजे बैलगाडीवर, चढायचं, कोपरापर्यंत हात आत घालायचा, खालचा कापूस मुठीत धरून वर काढायचा, दोन्ही अंगठ्यांत ओढून धागा पाहायचा आणि ग्रेड सांगायची, हे माझं काम. वरचा थर सगळ्यांचाच पांढरा असतो. त्यात लबाडी असतेच असं नाही. पाहुणे येणार म्हटल्यावर दिवाणावर धुतलेली चादर आपणही टाकतोच. संपादकांनी सदराला त्यावरूनच नाव दिलं. मला ते जरा जास्तच वाटलं होतं, पण छापून आलं ते आलं.

पत्रांचंही बंडीसारखंच असतं. पहिल्या पानावर लोक प्रश्न लिहितात. खरी गोष्ट तिसऱ्या पानाच्या कोपऱ्यात किंवा ता. क. मध्ये सापडते.

एक तरुण शेतकरी, वय २८, यवतमाळ जिल्हा

“सहा एकर वावर आहे. चारात पऱ्हाटी, दोनात तूर. शेती करतो म्हटलं की मुलीकडचे चहाही पुरा पीत नाहीत. म्हणून मामांनी बायोडाट्यात ‘खाजगी नोकरी, चाकण’ लिहिलं. मी तिथं चौदा महिने होतो, पण बाबांना लकवा मारला तवा परत आलो, त्याला दोन वर्षं झाली. आता लग्न जुळलं, पुढच्या महिन्यात साक्षगंध (साखरपुडा) आहे. मुलगी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा कोर्स, झालेली आहे, फोनवर बोलणं होते. तिनं पुण्याच्या खोलीचं भाडं विचारलं तर माझ्या तोंडून साडेचार हजार निघून गेलं. मामा म्हणतात, लग्न होऊ दे, मग पोरगी कुठं जाते. पण मला ती खरंच आवडली आहे. लग्नानंतर सांगितलं तर चालेल का? काल ती म्हणाली की तिनं पुण्याच्या दोन दवाखान्यांत अर्ज टाकले.”

राजा, तुझा प्रश्न शेवटून दुसऱ्या वाक्यात आहे आणि त्याचं उत्तर शेवटच्या वाक्यात. तू दोन्ही लिहिलंस, पण एकमेकांशेजारी ठेवून वाचलं नाहीस.

माझंच सांगतो. माझं लग्न १९८३च्या मे महिन्यात झालं. तेव्हा मी हंगामी होतो. दिवाळीच्या आसपास केंद्र सुरू व्हायचं, एप्रिल-मेपर्यंत चालायचं, मग पुढची दिवाळी येईपर्यंत मी घरी आणि माझा पगारही घरी. मध्यस्थानं सासऱ्यांना ‘सरकारी नोकरी’ एवढंच सांगितलं होतं. कायम आहे असं कोणी म्हणालं नाही, हंगामी आहे असंही कोणी म्हणालं नाही, आणि मी तिथंच बसून सुपारी कातरत होतो.

मृग लागला. मी घरीच. बायकोला वाटलं, लग्नाची सुट्टी असेल. पंधरा दिवसांनी तिनं विचारलं, “सुट्टी किती दिवसांची हाय?” ती सुपात तूरडाळ घेऊन खडे निवडत होती. मी म्हटलं, “दिवाळीपर्यंत.” तिचा हात थांबला नाही. रागावली नाही, रडली नाही. मला वाटलं, चला, सुटलो.

चौथ्या दिवशी सगळं उघड झालं. सासरी येताना तिनं धाकट्या भावाला सांगून ठेवलं होतं की तू आयटीआयला नाव घाल, जुलैत पैसे मी पाठवीन. तो पोरगा किराणा दुकानात पुड्या बांधायचा. बहिणीच्या भरवशावर त्यानं दुकान सोडलं होतं. बायकोनं आपली गळ्यातली सोन्याची एकदाणी मोडली आणि पैसे पाठवले. तो वायरमन झाला, नोकरी करून निवृत्तही झाला. दिवाळीला येतो, मला वाकून नमस्कार करतो, ‘जवाईबुवा, जवाईबुवा’ करतो. त्याला एकदाणीचं आजपर्यंत माहीत नाही. मला मात्र त्याचा तो नमस्कार दर वर्षी जड जातो.

बायको मला नंतर एकदाच बोलली. “अर्धी नोकरी हाय असं सांगतलं असतं तरी आलीच असती मी. फक्त भावाले शब्द देला नसता.”

आपण खोटं बोललो तर समोरच्याला दुःख होईल, एवढाच हिशेब आपण धरतो. दुःखाचं काय, ते ओसरते. पण माणसं आपल्या बोलण्यावर पुढची मांडणी करून बसतात. कोणाला शब्द देतात, कुठलं काम सोडतात, कुठं अर्ज टाकतात. तुझ्या साडेचार हजारांच्या खोलीवर एका पोरीनं दोन अर्ज टाकले आहेत. उद्या त्यातला एक मंजूर झाला आणि तिनं हातातलं काम सोडलं, तर ते तू कुठून भरून देशील?

आणि एक गोष्ट तुझ्या पत्रात खाली दबून आहे. तुझे वडील लकव्यानं घरी आहेत, हे तिला माहीत आहे का? तू तसं लिहिलेलं नाहीस. जीएनएम झालेली सून काऊन शोधली, हा प्रश्न तिला लग्नानंतर पडणारच. मामांच्या मनात तसं काही नसेलही. पण पडला, तर तू काय सांगशील, ते आधी ठरव.

साक्षगंधाच्या आधी जा. फोनवर नको, मामांना पाठवू नको. तिला सांग आणि त्याच दिवशी तिच्या वडिलांनाही सांग. सातबारा ने, मागच्या वर्षीच्या कापूस विक्रीची पट्टी ने, वडिलांची दवाखान्याची फाईल ने. चाकणहून का परत आलास ते सांग, त्यात लाजण्यासारखं काही नाही. बापासाठी नोकरी सोडून आलेला पोरगा, ही तुझ्या बायोडाट्यातली सगळ्यात चांगली ओळ होती आणि मामांनी नेमकी तीच खोडली.

ती नाही म्हणू शकते. मग एक हॉल आणि पेढ्यांचे पैसे जातील. मोडलेलं साक्षगंध गावात सहा महिने चघळतील, मग कोणाची तरी दुसरी भानगड निघेल. पण हो म्हणण्याचीही आशा ठेव. आपल्या तोंडानं “साहेब, खालच्या थराले दव लागला आहे थोडा” असं सांगणारा शेतकरी भेटला, की माझा हात मनगटाच्या पुढं जायचा नाही. नियमात ते बसत नव्हतं. पण व्हायचं तसं.

एक आजोबा, वय ७१, अकोला जिल्हा

“नातू झाला तर शेगावले पायी येईन असा महाराजांना नवस बोललो होतो. नातू आता दोन वर्षांचा झाला. माझ्या गुडघ्यानं जवाब दिला, डॉक्टर चालू नको म्हणतात. एसटीनं गेलो तर बुढी म्हणते नवस फिटत नाही. काय करावं?”

दादा, गजानन महाराज १९१० साली समाधिस्थ झाले. त्याच्या कितीतरी आधीपासून मुंबई-नागपूर आगगाडी शेगाववरून जात होती. तेव्हाचे भक्तही गाडीतून उतरूनच दर्शनाला जात असतील आणि महाराजांनी त्यांना परत पाठवलं नसेल, असं आपण धरू.

एसटीनं जा. एकाहत्तर म्हणजे तुम्हाला अर्धं तिकीट. पंचाहत्तरी झाल्यावर फुकट आहे, पण महाराजांची चार वर्षांची उधारी कशाला ठेवता? स्टँडवर उतरलात की नातवाला कडेवरून खाली ठेवा, त्याचं बोट धरा आणि तिथून मंदिरापर्यंत दोघं पायी जा. दोन वर्षांच्या पोराची चाल आणि तुमच्या गुडघ्याची चाल बरोबर जुळेल. आजींना म्हणावं, पायीच गेलो.

एक आई, वय ४३, अमरावती जिल्हा

“मी दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचायले जातो. किलोले दहा रुपये भेटते, दिवसाचा चाळीस किलो होते. मुलगी बारावीले आहे, हुशार आहे. कॉलेजात मैत्रिणींनी विचारलं तर माझं काम सांगत नाही, ‘आई घरीच असते’ म्हणते. शेजारच्या पोरीकडून मले समजलं. रात्रभर झोप नाही आली. तिले माझी लाज वाटते का? तिले कसं समजावू? ता. क. : परवा परीक्षेच्या फॉर्मचे पैसे भरताना म्हणाली, आई हे किती किलो झाले?”

माय, मी पंचवीस वर्षांच्या वर कापसाला ग्रेड दिली आणि ती ग्रेड कोण ठरवत होतं ते सांगतो. तुमची बोटं. वाळलेल्या बोंडाची टोकं नखात घुसत असताना एका पिळ्यात पूर्ण कापूस काढायचा, त्याला पानाचा चुरा चिकटू द्यायचा नाही, किडकी पिवळी कवडी ओटीत दुसऱ्या बाजूला टाकायची, हे ज्या वावरात होतं तिथली बंडी पहिल्या ग्रेडला जाते. ज्या वावरात वेचणाऱ्या बाईला नुसतं वजन वाढवायला लावतात, तिथली जात नाही. आम्हाला हे सगळं समजत होतं. तरी एवढ्या वर्षांत बंडीवर उभं राहून मी एकदाही विचारलं नाही की बाप्पा, हा वेचला कोणी? पावतीवर मालकाचं नाव असायचं. तेवढं पुरत होतं मला.

आता मुलीचं. तुमचं अख्खं पत्र लाजेबद्दल आहे आणि ता. क. मात्र दुसऱ्याच गोष्टीबद्दल आहे. जिला आईच्या कामाची लाज वाटते ती पोरगी फॉर्मचे रुपये किलोत मोजत नाही. ती ते काम विसरायला बघते. तुमच्या पोरीला विसरताच येत नाही. वही घेताना, रिचार्ज मारताना, मैत्रिणीच्या वाढदिवसाला पन्नास रुपये काढताना तिच्या डोक्यात ताणकाटा लटकलेला असणार. पन्नास म्हणजे पाच किलो. पाच किलो म्हणजे आई एक तासाच्या वर वाकलेली. हे मैत्रिणींना कसं सांगायचं? सांगितलं तर त्या ‘अरेरे’ म्हणतील, आणि ते तिला नको असेल. सतरा वर्षांच्या पोरीकडे न सांगायच्या गोष्टी तशाही शंभर असतात. त्यातली ही एक असू द्या.

समजावू नका. शेजारच्या पोरीचं नावही काढू नका, नाहीतर तिची एक मैत्रीण कमी होईल. एखाद्या रविवारी चार-साडेचारला, गाठोडी धुऱ्यावर (बांधावर) येतात तेव्हा, तिला वावरात बोलवा आणि काट्याजवळ उभी करा. सगळ्या बायांचं वजन तिनं मोठ्यानं वाचायचं आणि वहीत लिहायचं. तिचे आकडे पक्के आहेत, हे तिच्या एका प्रश्नावरूनच दिसते. तिथल्या बाया तिला पुढच्या रविवारी पुन्हा बोलावतील, हे मी लिहून देतो.

आणि फॉर्मचे किती किलो झाले ते तिला खरं सांगा. “तू नको पाहू ते” असं म्हणू नका.

एक भाऊ, वय ५२, वाशिम जिल्हा

“मोठ्या भावानं आमच्या मधला सहाशे फुटांचा धुरा कोरून माझ्या वावरात दोन तास (नांगराच्या दोन ओळी) घेतले. अकरा वर्षं झाली, आमचं बोलणं बंद आहे. आता त्याच्या मुलीचं लग्न आहे. पत्रिका घेऊन पुतण्या आला, तो स्वतः आला नाही. बायको म्हणते जाऊ. मी जावं का? बाबा शेवटचे सतरा दिवस दवाखान्यात होते तेव्हाही तो आला नव्हता, मी एकटा होतो.”

भाऊ, आधी धुऱ्याचा हिशेब करू, कारण तो सोपा आहे. दोन तास म्हणजे धरा तीन फूट. धुऱ्याची लांबी तुम्ही सहाशे फूट लिहिली आहे. झाले १,८०० चौरस फूट. गुंठा १,०८९चा, म्हणजे पावणेदोन गुंठेही नाही. एकरी आठ क्विंटल धरला तर तेवढ्या जागेत ३३ किलोच्या आसपास कापूस. २०२५-२६च्या हंगामातला लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल होता, तो धरू. वर्षाचे सुमारे २,७०० रुपये झाले, तेही खर्च न काढता.

तुम्ही म्हणाल, प्रश्न पैशाचा नाही. मलाही तेच म्हणायचं आहे. मग तो धुऱ्याचाही नाही. तो सतरा दिवसांचा आहे. भावानं धुरा कोरला नसता तरी तुमचं बोलणं बंदच झालं असतं. धुरा बरा पडतो, कारण तो चारचौघांना दाखवता येतो. दवाखान्याच्या व्हरांड्यातलं बाकडं कोणाला दाखवणार?

लग्नाला जा. लेकीचं लग्न आहे, तिनं तुमचा धुरा कोरलेला नाही. आहेर करा, जेवा, मांडवात तोंड उघडून जमिनीचा ज शब्द काढू नका. आणि त्याच महिन्यात भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्जही करा. लोकांना वाटते की एक केलं तर दुसरं करता येत नाही. येते की! दगड रोवला गेला की त्या भांडणाची बाजू तरी संपेल. मग उरेल दवाखान्याची गोष्ट. ती दोघांनी कधीतरी बंद खोलीत काढावी लागेल. तो का आला नाही, ते तुम्ही अकरा वर्षांत विचारलं आहे का? पत्रात तसं दिसत नाही.

नाव-गाव न लिहिलेलं पत्र

“तुम्ही लोकाले शहाणपण सांगता म्हणून लिहितो. तीसेक वर्षांआधी माझी बंडी तुमच्या केंद्रावर होती. दोन रात्री रांगेत काढल्या. बैल उपाशी, मी उपाशी. कापूस एक नंबर होता, पहिल्या वेच्याचा. तुम्ही हात घातला, दोन ओळी बोलले नाही, दुसरी ग्रेड लिहिली अन् पुढच्या बंडीवर चढले. बहिणीचं लग्न होतं. तुमचा चेहरा मी विसरलो नाही, मासिकात फोटो पाहून ओळखला. प्रश्न काही नाही.”

हे पत्र येऊन तीन आठवडे झाले. मी आठवायचा प्रयत्न केला. नाही आठवलं. भर हंगामात दिवसाला शंभरच्या घरात बंड्या व्हायच्या. चेहरे बैलांचे लक्षात राहायचे एक वेळ, माणसांचे नाही. तुम्ही माझा चेहरा तीस वर्षं वागवला आणि मला तुमचा एकदाही दिसला नाही, हे वाईट आहे.

“मी नियमानंच केलं असेल” असं लिहायला बसलो होतो. एक ओळ लिहिलीही. मग खोडली, कारण एक गोष्ट मला माहीत आहे आणि ती मी आजवर या सदरात लिहिलेली नाही.

रांग मोठी असली की आम्ही अंधार पडल्यावरही ग्रेड द्यायचो. यार्डात पिवळे बल्ब होते. त्या उजेडात पांढरा कापूस पिवळट दिसतो. चांगल्या बोंडाचा कापूस आणि कवडी यातला फरक डोळ्यांना धरता येत नाही. धागा हाताला कळतो, पण रंग हाताला कळत नाही. हे कोणत्याही ग्रेडरला माहीत असते, मलाही होतं. “सकाळी उजेडात पाहतो” असं म्हणता आलं असतं. मी ते दोन-चारदा म्हटलंही. तर शेतकरीच हात जोडायचे की साहेब, तिसरी रात्र नका काढायला लावू, जे काय आहे ते लिहा. मग मी लिहायचो. आणि शंका आली की वरची नाही, खालची ग्रेड लिहायचो, कारण वरची चुकली तर माझ्याकडून वसूल होईल ही भीती, आणि खालची चुकली तर मला कोणी विचारणार नव्हतं.

तुमची बंडी त्यातली होती का, मला सांगता येत नाही. तुम्ही दोन रात्री लिहिल्या आहेत, पण वेळ लिहिलेली नाही. मासिकाच्या पत्त्यावर एक कार्ड टाका, नाव नका लिहू पाहिजे तर. बंडी माझ्यासमोर आली तेव्हा दिवस होता, की दिवे लागले होते?